नळ चावतो

मार्चचं बिल आलं तेव्हा आईने फोनवर आकडा दोनदा वाचून दाखवला. तीनशे एकोणनव्वद. मी म्हटलं, रुपये का? ती म्हणाली, रुपये वेगळे, हे युनिट.

मिरजेचं आमचं घर १९८१ सालचं. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर आणि अंगणापलीकडे एक सुटी खोली. बाबा गेल्यापासून तिथे आई एकटी राहते. मी पुण्यात. तिचा महिन्याचा वापर मला पाठ होता, कारण बिल मी भरतो: नोव्हेंबर ११२, डिसेंबर १०८. एक फ्रीज, दोन पंखे, टीव्ही, सकाळी पंधरा-वीस मिनिटं गीझर, दिवसाआड पाण्याची मोटार. एवढ्या संसारात याहून जास्त वीज जाणार कशी? पण जानेवारीत १३१, फेब्रुवारीत २३६ आणि आता ३८९. आपल्याकडे विजेचे दर टप्प्यांनी वाढतात. शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. त्यामुळे युनिट साडेतीनपटीच्या जवळ गेली, तर रक्कम त्याहून पुढे पळते.

माझा धंदा हिशेबाचा. आकडा कधी वाढला हे कळलं की त्या सुमारास काय बदललं ते शोधायचं, ही सवय. आणि बदल तर समोर होता. जानेवारीच्या मध्यावर अंगणातली खोली आम्ही भाड्याने दिली होती. मिरजेत दवाखाने ढिगाने, त्यामुळे खोली शोधणाऱ्या नर्स नेहमी असतात. ही मुलगी तिशीच्या आतली, एका दवाखान्यात कामाला, पाळ्यांची नोकरी. आई तिला 'सिस्टर' म्हणते. भाड्यातच वीज धरलेली, कारण खोलीला वेगळं मीटर नाही.

मी पुण्यात बसून खटला चालवला. सिस्टर आली आणि बिल वाढलं. ती गुपचूप शेगडी वापरत असणार, किंवा पाण्यात टाकायची कॉइल. मी तिला फोन केला. आवाज चढवला नाही, पण खोलीत कोणकोणती उपकरणं आहेत त्याची यादी लिहून पाठवायला सांगितली. तिने वहीच्या पानावर लिहून फोटो पाठवला: पंखा, ट्यूब, मोबाईल चार्जर, इस्त्री (आठवड्यातून दोनदा, युनिफॉर्मपुरती). खाली सही आणि तारीख. मी तिला महिन्याला सहाशे रुपये जास्त द्यायला सांगितले. तिने मार्चमध्ये दिले, एप्रिलमध्येही दिले.

याच दिवसांत आई फोनवर आणखी एक गोष्ट सांगत होती.

"अरे, न्हाणीतला नळ चावतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे चावतोय. हात लावला की मुंग्या डसल्यासारखं होतंय."

आईला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या पायांना मुंग्या येतात, हे जुनंच. आता हातांना यायला लागल्या असणार. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीने, म्हणजे मेटफॉर्मिनने, शरीरातलं बी-ट्वेल्व्ह कमी होतं हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं आणि सांगताना म्हणालो, "हाताला झिणझिण्या येतात असं सांग." तिने तसंच सांगितलं. रक्त तपासलं, बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. सगळं कसं जुळलं. पुढच्या फोनवर ती म्हणाली, "सिस्टर म्हणते करंट असेल, वायरमनला दाखवा." मला वाटलं, बघा, स्वतःवरचा संशय कशी दुसरीकडे ढकलते.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मी मिरजेला गेलो, ते सिस्टरला रंगेहाथ पकडायला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण गेलो त्यासाठीच.

रात्री दहाला मीटरचं वाचन वहीत लिहिलं. आमचं मीटर जुन्या पद्धतीचंच, भिंतीवरच्या पेटीतलं, पण आकडे दशांशापर्यंत दाखवणारं. सकाळी सहाला परत पाहिलं. आठ तासांत ३.९ युनिट. आईचा पंखा सत्तर वॅटचा, आठ तास म्हणजे अर्ध्या युनिटाच्या थोडं वर. फ्रीज अर्धं युनिट. टीव्हीचा डबा रात्रभर उगाच चालू राहतो, त्याचं किरकोळ. सगळं ओढूनताणून सव्वा युनिट. उरलेली पावणेतीन युनिटं कुणी खाल्ली?

मी अंगणात जाऊन सिस्टरच्या खोलीकडे पाहिलं. दाराला बाहेरून कुलूप. तिची रात्रपाळी होती. संध्याकाळी सातला गेलेली ती सकाळी आठला आली. माझ्या खटल्यातली आरोपी गुन्ह्याच्या वेळी दवाखान्यात सलाईन लावत होती. तरीही माझं मन पटकन मानेना. मी तिच्या खिडकीतून आत पाहून घेतलं. पंखा बंद, दिवा बंद.

मग संशय फ्रीजवर गेला. फ्रीज जुना, रबर सैल झालेलं असणार. दारात दहाची नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघाली तर रबर गेलं. नोट घट्ट बसली. फ्रीज निर्दोष. तरी त्याची पिन काढून ठेवली.

मीटरवर एक छोटा तांबडा दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की किती लुकलुकींचं एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० होतं. म्हणजे मिनिटभर लुकलुक मोजली, तर घर त्या क्षणी किती वीज ओढतंय ते काढता येतं. वीजबिलाबद्दल तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला हा दिवा माहीत हवा. महिन्याच्या शेवटी मिळणारं उत्तर तो साठ सेकंदांत देतो.

मी घरातली सगळी बटणं बंद केली. पंखे, दिवे, टीव्ही, डबा, मोबाईलचे चार्जर, देवघरातला छोटा बल्बसुद्धा. हाताला येतील त्या पिना काढल्या. गीझरची पिन न्हाणीघरात उंचावर, आणि बटण बंदच होतं, म्हणून ती सोडली. घर असं शांत झालं की स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू यायला लागलं. मग पेटीसमोर उभा राहिलो.

दिवा लुकलुकत होता. सव्वातीन सेकंदांनी एक. मिनिटाला अठरा.

हिशेब सोपा. मिनिटाला अठरा म्हणजे तासाला एक हजार ऐंशी, भागिले ३२००, म्हणजे तासाला एक तृतीयांश युनिट. साधारण ३४० वॅट. दिवसाला आठ युनिटं, महिन्याला २४३. आईचा आणि सिस्टरचा मिळून वापर १४५ धरला आणि त्यात २४३ मिळवले, तर ३८८ होतात. बिल होतं ३८९. ताळेबंद जुळला की मला नेहमी समाधान वाटतं. त्या सकाळी घर पूर्ण बंद होतं, तरी कुणीतरी आत बसून तीनशे चाळीस वॅट पीत होतं, आणि मला समाधान वाटण्याऐवजी मानेवर काटा आला.

गल्लीत बिल वाढलं की पहिला सिद्धान्त असतो 'मीटर जोरात पळतंय'. तो आधी निकालात काढला. मेन बंद केला, दिवा पूर्ण थांबला. मग फक्त दिव्यांचा एमसीबी चालू करून बाबांच्या काळातला शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावला. सव्वाअकरा सेकंदांनी एक लुकलुक यायला हवी, तशीच आली. मीटर खरं बोलत होतं. बल्ब बंद केला आणि उरलेले एमसीबी एकेक करून चालू-बंद करत गेलो. चौथा वर केला आणि लुकलुक परत सुरू झाली. चौथा म्हणजे मागची बाजू: मोटार, मागचा दिवा, न्हाणीघर.

मोटारीची पिन आधीच काढलेली होती. न्हाणीघरात गेलो. नळाच्या चावीला फडकं गुंडाळलेलं दिसलं. आदल्या रात्रीही मी ते पाहिलं होतं आणि नळ गळत असेल, असं समजलो होतो. दाराशी रबरी चपलांची नवी जोडी. मी स्टूल घेऊन वर चढलो. बटण बंद आहे ना, परत पाहिलं. बंद होतं. पिन उपसली.

"दिवा थांबला," पेटीजवळ उभी असलेली आई ओरडून म्हणाली.

बंद बटणाचा गीझर वीज कशी ओढेल? स्टुलावर उभ्याउभ्या मी टेस्टर काढला आणि बटण बंद असलेल्या सॉकेटच्या भोकात घातला. टेस्टर पेटला.

तिथे मला सगळं समजलं. तरी वायरमन येईपर्यंत मी कुणाला काही बोललो नाही. स्टुलावरून उतरलो, चौथा एमसीबी खाली केला आणि आईला सांगितलं की न्हाणीघरात जायचं नाही.

वायरमन दुपारी आला, बाबांच्या वेळचा माणूस. त्याने एमसीबी चालू करायला लावला, पिन परत बसवली, बटण बंदच ठेवलं आणि टाँग टेस्टर एकेका वायरीला लावला. फेजच्या वायरीत दीड अँपियर. न्यूट्रलमध्ये शून्य. अर्थिंगच्या हिरव्या वायरीत दीड. मग मीटरची एक तार नळाला आणि दुसरी ओल्या फरशीला टेकवली. ३८ व्होल्ट.

"काकू, देवानं राखलंय तुम्हाला," तो म्हणाला.

गीझरची कॉइल म्हणजे तांब्याची नळी, आत तापणारी तार आणि दोघींच्या मध्ये वीज अडवणारी पूड. पाण्याच्या क्षाराने नळीला चीर गेली की आत पाणी शिरतं आणि तारेतली वीज नळीवाटे गीझरच्या पत्र्याला पोचते. पत्र्याला अर्थिंगची वायर जोडलेली असते, त्यामुळे ती वीज जमिनीत जाते. एवढं जुन्या गीझरमध्ये होऊ शकतं. पण ते बटण चालू असेपर्यंतच व्हायला हवं. बटण फेजच्या वायरीवर असतं. ते बंद केलं की कॉइलपर्यंत वीज पोचतच नाही. आमच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले होते. बटण न्यूट्रलवर होतं. ते बंद केलं की पाणी तापणं थांबायचं, पण कॉइल चोवीस तास फेजला जोडलेलीच. चिरेतून दीड अँपियर दिवसरात्र जमिनीत जात राहिला. एमसीबीला याचा पत्ता लागत नाही. तो सोळा अँपियरचा, दीड त्याच्या खिजगणतीत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. गेलेली वीज आणि परत आलेली वीज तो ताडून पाहतो आणि ३० मिलिअँपियरचा फरक पडला तरी तुटतो. इथे फरक त्याच्या पन्नास पट होता. पण १९८१ च्या घरात आरसीसीबी कुठला?

"हा बोर्ड कुणी बसवला?" वायरमनने विचारलं. "आमच्यापैकी कुणी असं जोडणार नाही."

मागच्या दिवाळीत गीझरचा जुना बोर्ड जळाला होता. सणात वायरमन मिळेना. मी बाजारातून सॉकेट आणि बटण आणून अर्ध्या तासात बसवलं होतं. जुन्या वायरी सगळ्या एकाच काळपट रंगाच्या. गीझर लागला, पाणी तापलं, मला वाटलं झालं काम. उलट जोडलं तरी पाणी तापतंच. आई तेव्हा शेजारणीला कौतुकाने सांगत होती, पोराला सगळं येतं.

"मी," मी म्हटलं.

वायरमन काही बोलला नाही. वायरी बदलायला लागला.

"मग तू सिस्टरचं ऐकून यांना का नाही बोलावलंस?" मी आईला विचारलं. विचारायला नको होतं.

"तू म्हणालास नसांचं आहे," ती म्हणाली. "आणि बोर्ड तर तुझ्याच हातचा. त्यात काय बिघडणार?"

चपला सिस्टरने आणून दिल्या होत्या. ओल्या पायाने नळाला हात लावायचा नाही, फडकं धरायचं, हेही तिनेच शिकवलं होतं. ज्या आठवड्यात मी तिच्याकडून यादी लिहून घेतली, त्याच आठवड्यात.

वायरमनने जाताना अर्थिंगचा खड्डा पाहायला सांगितलं. तो कढीपत्त्याखाली. मीठ-कोळसा भरलेला खड्डा आणि त्यात उभी पुरलेली लोखंडी नळी. होळीपासून पाऊस लागेपर्यंत दर रविवारी बाबा तिथे एक बादली पाणी ओतायचे. झाडाला घालतात, असं मी लहानपणापासून समजत आलो होतो. माती कोरडी झाली की विजेला जमिनीत जायला जड जातं, आणि जितकं जड जाईल तितके व्होल्ट नळावर उभे राहतात. बाबा गेल्यावर त्या खड्ड्यात कुणी पाणी घातलं नव्हतं. वर पाचोळा साचला होता. उन्हाळा चढत गेला तसा नळ जास्त चावायला लागला, असं आई म्हणत होती. मी ते वाढत्या आजाराचं लक्षण म्हणून लिहून ठेवलं होतं.

मी पाचोळा काढून दोन बादल्या ओतल्या. पाणी आत जाताना बराच वेळ आवाज येत राहिला.

त्या रात्री बिल पुढे घेऊन बसलो. दोनशे त्रेचाळीस जास्तीची युनिटं. आधी ती मला चोरी वाटत होती. पण ती गेली होती एका हिरव्या वायरीतून कढीपत्त्याखालच्या जमिनीत. बाबांनी चाळीस वर्षांपूर्वी टाकून घेतलेली ती वायर शाबूत होती, म्हणून नळावर ३८ व्होल्ट राहिले. ती कुठे तुटली असती, गंजून सुटली असती, तर नळावर दोनशेच्या वर व्होल्ट आले असते, आणि मग बिल मात्र अगदी व्यवस्थित आलं असतं. पुण्यात मला काहीच कळलं नसतं. त्या महिन्यात आमचं बिल वाढलं, हे आमच्या घरात घडलेलं सगळ्यात चांगलं होतं.

आणि बिलाच्याही आधी आईने सांगितलं होतं. 'नळ चावतोय.' या वाक्यात कर्ता नळ आहे. मी ते डॉक्टरांसाठी नीट करून दिलं: 'हाताला झिणझिण्या येतात.' नळ वाक्यातून गेला. कुठे येतात, कधी येतात, देवघरात दिवा लावताना येतात का, एवढं विचारायला दहा सेकंद लागली असती. पण माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि तपासणीत आकडाही तसाच निघाला. बी-ट्वेल्व्ह खरोखरच कमी होतं, गोळ्या चालू आहेत. पायांच्या मुंग्याही खऱ्या आहेत. म्हणून तर फसलो. म्हातारं माणूस चमत्कारिक काही बोललं की आपण त्याचं वय ऐकतो, वाक्य ऐकत नाही. तिला दुखत होतं ते मी ऐकलं. ती काय सांगत होती ते सिस्टरने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर पाळीवरून आली, तेव्हा मी बाराशे रुपये पाकिटात घालून अंगणात उभा होतो. झालं ते सगळं सांगितलं. बोर्ड मी बसवला होता हेही सांगितलं. चूक झाली, माफ करा, म्हटलं. तिने पाकीट उघडून पैसे मोजले.

"आजींना शॉक नाही ना बसला परत?" तिने विचारलं.

"नाही."

"मग झालं." पाकीट पर्समध्ये ठेवून ती खोलीकडे वळली, आणि थांबून म्हणाली, "ती यादी फाडून टाका तेवढी. सही आहे माझी."

फोटो मी तिच्यासमोर फोनमधून काढून टाकला. कागद तिच्याकडेच होता.

मेमध्ये १४८ युनिट आली. गीझर नवा आहे, पेटीत आरसीसीबी बसला आहे, आणि त्यावरचं चाचणीचं बटण दर महिन्याच्या एक तारखेला आई दाबून पाहते. रविवारची बादलीही तिने परत सुरू केली आहे.

सिस्टर अजून तिथेच राहते. आईचं आणि तिचं चांगलं जमतं. रात्रपाळी नसली की दोघी एकत्र टीव्ही बघतात. माझ्याशीही ती नीट बोलते. फक्त मी मिरजेला असलो की खोलीतून बाहेर पडताना ती पंखा बंद करते, दिवा बंद करते, आणि कुलूप लावण्याआधी क्षणभर दार उघडं धरते. अंगणात बसलेल्या मला आतला अंधार दिसेल, अशा बेताने.